घरच्या घरी इंजिन बदलताना: बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्यांसाठी

आमच्या दारातली मारुती ८०० ही २००३ ची, केए-२२ पासिंगची. तीन वर्षांपूर्वी तिनं तेल प्यायला सुरुवात केली. बेळगावला जाऊन येईपर्यंत डिपस्टिक कोरडी, आणि मागून निळा धूर असा की मागचा दुचाकीवाला शिव्या देत ओव्हरटेक करायचा. गॅरेजवाल्यानं बोअरिंगसकट पूर्ण इंजिनकामाचा आकडा सांगितला, तेवढ्यात गाडीच विकत आली असती. मग भंगारातलं चालू इंजिन आणून घरीच बसवायचं ठरवलं. पहिल्या वेळी अकरा दिवस लागले. पुढच्या वर्षी मेव्हण्याच्या गाडीला तेच काम साडेतीन दिवसांत झालं. मधले साडेसात दिवस कशात गेले ते खाली आहे.

आमच्या गल्लीतले म्हातारे मेस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काढूस काय, कोण बी काढतंय की. बसवताना कळतंय." तेव्हा मी हसलो होतो.

इथली माहिती मारुती ८०० च्या पेट्रोल एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनाची आहे. कार्बुरेटरवाली असेल तर चोक केबल आणि इंजिनावरचा पेट्रोल पंप एवढा फरक धरा. दुसरी गाडी असेल तर क्रम तोच, तपशील त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या.

१. आधी कागद, मग पाना

हे वाचून कंटाळा येईल, पण इंजिन विकत घेण्याआधी हाच भाग वाचा. आरसीवर इंजिन नंबर असतो. ब्लॉक बदलला की तो नंबर बदलतो, आणि आरसीशी न जुळणारी गाडी रस्त्यावर आणली तर पोलिसांच्या तपासणीत अडकते, विम्याच्या दाव्यात अडकते आणि विकताना तर हमखास अडकते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच विषयावर आहे. सरळ मार्ग म्हणजे आधी आरटीओला अर्ज देऊन परवानगी घ्यायची, मग इंजिन बदलायचं. परवानगीशिवाय बदललंच असेल तर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. माझा सल्ला पहिल्याच मार्गाचा. नोंदीच्या वेळी निरीक्षक गाडी समोर उभी करून नंबर तपासतात.

इंजिन त्याच मॉडेलचं, त्याच इंधनाचं, त्याच सीसीचं घ्या. ८०० मध्ये झेनचं इंजिन किंवा डिझेल टाकण्याच्या गप्पा चहाच्या टपरीवरच ठेवा. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत हे सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे.

फाइलमध्ये हे ठेवा:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र
- इंजिनाचं पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला
- ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत आणि गाडी मोडीत काढल्याचा कागद
- नव्या इंजिन नंबरचा पेन्सिलनं घासून घेतलेला ठसा आणि फोटो

किती प्रती, कुठला फॉर्म, फी किती, हे आपापल्या कार्यालयात विचारून घ्या. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत तयार ठेवा. कन्नड वाचता येत नसेल तर शाळेत कन्नड शिकलेल्या घरातल्या पोराला बरोबर न्या. मी भाच्याला नेलं, काम अर्ध्या वेळात झालं. "नाळे बर्री" ऐकलं तर रागावू नका; उद्या या म्हणजे उद्याच जा, चार दिवसांनी नको.

गाडी १५ वर्षांपेक्षा जुनी असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते सगळ्यात आधी बघा. मुदत संपलेल्या गाडीत नवं इंजिन टाकणं म्हणजे बंद घराला रंग देणं.

निपाणी, कागवाडकडच्यांची वेगळी भानगड असते: राहायला कर्नाटकात आणि गाडी एमएच-०९ किंवा एमएच-१० ची. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर नव्या राज्याची नोंदणी घ्यावी लागते, ते कलम ४७. हे लांबवत आला असाल तर आधी ते मिटवा. इंजिनाचा अर्ज घेऊन खिडकीशी गेलात की पहिला प्रश्न तोच निघतो.

२. इंजिन निवडणं

यात घाई केली तर पुढचं सगळं काम दोनदा करावं लागतं.

"७९६ सीसी म्हणजे सगळं एकच" असं भंगारवाला सांगेल. एक नाही. ८०० मध्ये सहा व्हॉल्व्हचं इंजिन आहे आणि बारा व्हॉल्व्हचंही, जे पाच गिअरवाल्या गाडीत आलं. त्यांचं हेड वेगळं, वायरिंग वेगळं, कंट्रोल युनिट वेगळं. ओम्नीचं इंजिनही ७९६ चंच, पण ओम्नी मागच्या चाकांवर चालते आणि तिच्यात इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत बसतं. ८०० मध्ये ते आडवं. त्यामुळे ते जसंच्या तसं बसत नाही. "थोडं वेल्डिंग केलं की बसतंय" हे वाक्य ऐकलं की चपला घालून निघा.

आमच्याकडचे लोक इंजिन शोधायला बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठतात. कोल्हापूरहून आणलंत तर बिल हातात ठेवा, डिकीत खाली दाबून नको. कोगनोळीच्या नाक्याजवळ कुणी थांबवलं तर टेम्पोत उघडं इंजिन बघून प्रश्न विचारणारच.

नंबर तपासण्याचं काम पैसे द्यायच्या आधी करा. ब्लॉकवरचा नंबर वायर ब्रशनं साफ करून वाचा. घासलेला, परत ठोकलेला, अक्षरं वाकडीतिकडी वाटली तर किंमत कितीही कमी असो, हात लावू नका. मूळ गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघा. चोरीच्या गाड्यांसाठी एनसीआरबीची (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोची) वाहन समन्वय ही सोय आहे, तिथंही बघा.

मग इंजिनाची तब्येत. तेलाचं झाकण उघडून आतून बघा: ताकासारखा पांढरट थर असेल तर तेलात पाणी गेलंय. तिन्ही प्लग काढून बघा. दोन तांबूस आणि एक काळा-ओला असेल तर त्या सिलिंडरवर संशय घ्या. क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन फेरे फिरवा. अडकता कामा नये, खरखर येता कामा नये. शक्य असेल तर बॅटरी आणि सेल्फ लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. गेज भाड्यानं मिळतो, ओळखीच्या गॅरेजातून उसनाही मिळतो. नुसता आकडा बघू नका, तिन्ही सिलिंडरमधला फरक बघा. तो चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त असेल तर इंजिन सोडा.

मी पहिल्या वेळी कॉम्प्रेशन मोजलं नाही. विकणाऱ्यानं "चालत्या गाडीतलं काढलंय" म्हणत शपथ घेतली. शपथेला गेज लागत नाही.

३. जागा आणि हत्यारं

आपल्याकडे जूनपासून पाऊस सुरू झाला की उघड्यावर काही होत नाही, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका. दिवाळी ते शिमगा हा काळ उत्तम. खाली फरशी किंवा काँक्रीट हवं. शेणानं सारवलेल्या अंगणात जॅक रुततो.

सगळ्यात मोठा प्रश्न: इंजिन कशाला टांगायचं? जुन्या घरांच्या तुळईकडे बघून मोह होतो. ती तुळई आजोबांनी कौलं पेलायला घातली होती, झुलतं लोखंड पेलायला नाही. फणसाच्या फांदीला टांगणारेही मी पाहिलेत. दोन्ही नको. तीन पायांची लोखंडी घोडी किंवा चाकांची इंजिन क्रेन दोन-तीन दिवस भाड्यानं घ्या आणि एक टनाची चेन कप्पी वापरा.

लागणारं सामान:

- ८ पासून १९ पर्यंत रिंग पाने, फिक्स पाने आणि गोटी पान्यांचा सेट, लांब एक्स्टेन्शनसह
- टॉर्क पाना (उसना चालेल, नसला तर नाही चालणार)
- जॅक, चार भक्कम स्टँड, चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- पक्कड, पोपट पाना, पहार, वायर ब्रश
- तेल आणि कूलंटसाठी दोन घमेली, भरपूर फडकी
- गंज सोडवणारा स्प्रे
- वाळूची बादली आणि अग्निशामक
- एक माणूस जो "थांब" म्हटल्यावर खरोखर थांबतो

शेवटचं मिळायला सगळ्यात अवघड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

४. उतरवणं

आदल्या रात्री सायलेन्सरच्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करा; लाइनमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल. असं नाही केलं तर पाइप काढताना दाबानं पेट्रोल तोंडावर येतं. मग बॅटरी काढा, आधी निगेटिव्ह.

आता खरं काम: लिहिणं. पाना लावायच्या आधी प्रत्येक जागेचा फोटो घ्या, दोन बाजूंनी. प्रत्येक वायरीला आणि नळीला चिठ्ठी बांधा. मी जुन्या लग्नपत्रिका फाडून चिठ्ठ्या केल्या. जाड कागद, तेलात टिकतो. ज्या दोन गोष्टी एकमेकांना जोडलेल्या असतात त्या दोघींवर एकच आकडा. बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, काढलेल्या क्रमानं. सगळे एका डब्यात टाकले तर तुमचाही अकरा दिवसांचा कार्यक्रम पक्का. माझे चार दिवस नुसते "हा बोल्ट कुठला" यात गेले. दोन बोल्टांची जाडी सारखी पण लांबी वेगळी असते, आणि लांब बोल्ट आखूड जागी आवळला की समोरचं कास्टिंग फुटतं.

बॉनेट काढा, पण बिजागऱ्यांभोवती पेननं रेघ मारून, म्हणजे परत तिथंच बसेल. कूलंट इंजिन थंड असतानाच काढा आणि घमेलं उघडं ठेवू नका. ते गोड लागतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल काढा.

पुढचा क्रम: एअर फिल्टरची पेटी, रेडिएटर आणि पंखा, ॲक्सिलरेटर केबल, क्लच केबल, स्पीडोमीटर केबल, हीटरच्या नळ्या, व्हॅक्यूमच्या नळ्या, पेट्रोलचे पाइप, सेन्सरचे सॉकेट, सेल्फ आणि डायनॅमोच्या वायरी, अर्थिंगची पट्टी, सायलेन्सरचा पुढचा पाइप, गिअरचे रॉड, ड्राइव्ह शाफ्ट. माऊंटिंग (इंजिनाला बॉडीशी धरून ठेवणारे आधार) सगळ्यात शेवटी, कप्पीची साखळी ताणून झाल्यावर.

नवशिक्यानं इंजिन गिअरबॉक्ससकट वर काढावं असं माझं मत आहे. ड्राइव्ह शाफ्ट काढायचं काम वाढतं, पण क्लच जोडणं जमिनीवर, डोळ्यांसमोर होतं. साखळी इंजिनाच्या उचलायच्या कड्यांनाच लावा, मॅनिफोल्डला नाही. दहा सेंटिमीटर उचला, थांबा, चहूबाजूंनी बघा. काहीतरी राहिलेलं असतंच. माझी स्पीडोमीटर केबल राहिली होती, ती तुटली तेव्हा कळलं. इंजिन टांगलेलं असताना खाली हात, पाय, पोरं काही नको.

५. जमिनीवर असताना करायची कामं

नवं इंजिन आणि जुनं इंजिन शेजारी शेजारी ठेवा आणि सामान ताडून बघा: सेन्सरची संख्या, माऊंटिंगच्या जागा, पुली, डायनॅमो. वेगळं असेल ते जुन्यावरून काढून नव्यावर घाला.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि क्रँकचं मागचं ऑइल सील हे सगळं आत्ताच बदला. इंजिन बाहेर असताना अर्ध्या तासाचं काम, आत बसल्यावर दिवसाचं. बेल्ट पुलीवरच्या टायमिंगच्या खुणा जुळवून घाला, मग क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत बघा. दुसऱ्यांदा जुळल्या तरच पुढे जा.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग तिन्ही नवीन घ्या. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर ते फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करायला, द्या. फाउंड्री आणि मशीनकामासाठी आपलं बेळगावचं उद्यमबाग सगळीकडे प्रसिद्ध आहे, पण आमच्याकडची माणसं फ्लायव्हील तसंच बसवतात आणि महिन्याभरात क्लच थरथरतोय म्हणून रडतात.

प्लेटची बाजू बघून घ्या. स्प्रिंगचा फुगवटा गिअरबॉक्सकडे. सेंटरिंगसाठी जुना गिअर शाफ्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर लाकडी दांडा तासून घ्या. प्लेट मधोमध नसेल तर गिअरबॉक्स शेवटचा बोटभर आत जात नाही. त्या वेळी बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. मी ओढलं, गिअरबॉक्सचा कान तुटला, दोन दिवस वेल्डिंगवाल्याच्या दारात बसलो. बरोबर बसलं असेल तर तो हातानं, जरा हलवत, आपसूक जातो.

६. बसवणं

उतरवलं त्याच्या उलट क्रमानं. सगळी माऊंटिंग आधी ढिली लावा, इंजिन आपल्या जागी स्थिर झालं की मग आवळा. ड्राइव्ह शाफ्ट आत जाताना खट्ट आवाज यायला हवा; आला नाही तर तो लॉक झालेला नाही.

आणि अर्थिंगची पट्टी. इंजिनापासून बॉडीला जाणारी ती मळकट, विणलेली तार. मी ती विसरलो. किल्ली मारली तर सेल्फ मरगळल्यासारखा फिरला. परत मारली, परत मारली. मग क्लच केबलमधून धूर निघाला. सेल्फचा सगळा करंट परत जायला दुसरा रस्ता नव्हता, म्हणून तो त्या बारीक केबलमधून गेला आणि आवरण वितळलं. मेस्त्री ओट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. दोन्ही टोकं घासून चकचकीत करून पट्टी लावा, आणि बॅटरी जोडायच्या आधी एकदा हातानं ओढून बघा.

७. पहिली किल्ली

इंजिन ऑइल, गिअर ऑइल, कूलंट भरा. तिन्ही प्लग काढा, इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढा आणि सेल्फ पाच-सात सेकंद, मध्ये थांबत, फिरवा. तेलाचा लाल दिवा विझला की तेल वर पोचलं. मग सगळं परत जोडून गाडी चालू करा. दिवा दोन-तीन सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद. "बघू जरा" नाही.

कूलंटमध्ये हवा अडकते. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. झाकण लावून पंखा आपोआप सुरू होईपर्यंत उभ्यानं चालवा. काटा वर चढतोय आणि हीटरची हवा थंडच येतेय, म्हणजे हवा अजून आत आहे: बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या, परत भरा. गरम इंजिनाचं झाकण उघडून तोंड भाजलेला माणूस प्रत्येक गावात एक असतो.

खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवा. सकाळी डाग कुठे आणि कोणत्या रंगाचा आहे ते गळती कुठली हे सांगतो.

८. त्यानंतर

परवानगी हातात असेल तर गाडी तपासणीला न्या; इंजिन नंबरची जागा पुसून स्वच्छ करून, टॉर्च बरोबर घेऊन. नवी नोंद झालेली आरसी मिळाली की तिची प्रत विमा कंपनीला लेखी द्या आणि पॉलिसीवर नवा नंबर चढवून घ्या. हे बहुतेक जण विसरतात. नवं पीयूसीही काढा. जुनं इंजिन मात्र आरसी हातात येईपर्यंत विकू नका, कुणी विचारलं तर दाखवता यायला हवं. विकताना कागदावर त्याचा नंबर लिहून सही घ्या.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर माऊंटिंगचे आणि सायलेन्सरचे बोल्ट परत आवळा. ५०० किलोमीटरपर्यंत वंटमुरीचा घाट भरल्या गाडीनं चढू नका, चोर्ल्याचं तर नावच नको. ५०० ला तेल आणि फिल्टर बदला. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरा. चमचमणारे कण दिसले तर बेअरिंग खातंय, आणि ते इंजिन ज्यानं विकलं त्याचं बिल शोधायला लागा.